कुरोशिओ कोणाची माफी मागतोय?

त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतली तीन मोठी माणसं तीन शाळकरी मुलांसमोर रांगेत उभी राहिली आणि कमरेतून खाली वाकली. सगळ्या वस्तीने पाहिलं. एका आजोबांच्या हातातला बर्फाचा गोळा वितळून संपला, तरी ती माणसं वाकलेलीच होती.

आता हे विसरून जा. असं काही झालेलं नाही. मोठी माणसं मुलांसमोर वाकत नाहीत, आणि चुकून वाकलीच तर दुसऱ्या दिवशी सगळे "काल फार उकडत होतं, नाही?" एवढंच म्हणतात. जपानमधल्या शिमिझूच्या बंदरामागच्या चढावर हीच पद्धत आहे. तेव्हा गोष्ट पहिल्यापासून सुरू करू. शेवटी तुम्हाला आश्चर्य वाटलं पाहिजे, एवढी मेहरबानी करा.

सुरुवात कवायतीपासून. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज सकाळी, कावळेसुद्धा जांभया देत असतात अशा वेळी, वस्तीतल्या सगळ्या मुलांनी सभागृहाच्या अंगणात जमायचं, रेडिओच्या तालावर हातपाय हलवायचे आणि गळ्यातल्या कार्डावर शिक्का मारून घ्यायचा. याला सुट्टी म्हणतात.

"मी झोपलेलो नाही," गेन्ता म्हणाला. त्याचे डोळे बंद होते आणि दोन्ही हात वर होते. बाकी सगळे केव्हाच खाली वाकले होते.

"मग वाक," त्सुगुमी म्हणाली.

"वाकलो तर झोप लागेल."

इओरी मुळातच कमी बोलायचा, आणि उन्हाळ्यात त्याहून कमी. तो सभागृहाच्या उघड्या दारातून आत बघत होता. कवायत संपली, शिक्के पडले, तेव्हा तो म्हणाला, "हात खाली आलाय."

"सगळ्यांचेच आलेत. कवायत संपली."

"कुरोशिओचा."

मग तिघं दारात जाऊन उभी राहिली.

सभागृहात एक काचपेटी आहे. पेटीत कुरोशिओ उभा होता. कुरोशिओ म्हणजे प्लास्टिकचा यंत्रमानव, हातभर उंच, काळा-निळा, कपाळावर सोनेरी शिंग. आमच्या गावात असले यंत्रमानव कारखान्यात तयार होतात. म्हणजे तयार होतात त्यांचे सुटे भाग, चौकटींना चिकटलेले, एका खोक्यात. पुढची सगळी मेहनत विकत घेणाऱ्याची. तरीही लोक आनंदाने विकत घेतात.

वसंतापासून ही तिघं त्यावर बसली होती. गेन्ता छोट्या पक्कडीने भाग चौकटीतून तोडायचा. इओरी तोडलेल्या जागेची बारीकशी गाठ घासून घासून अशी नाहीशी करायचा की बोट फिरवलं तरी कळू नये. आणि त्सुगुमी आपल्या कटरने सांधे तासून बसवायची. खांदा, कोपर, मनगट, आणि बोटाचं एकेक पेरसुद्धा वेगळं वाकायचं. छातीच्या पत्र्यांमधल्या केसाएवढ्या रेघांत तिने शाई भरली, ती श्वास रोखून. एकदा तिला शिंक आली म्हणून ती अंगणात जाऊन शिंकून आली. हे सगळं गेन्ताच्या न्हाणीघरात चालायचं, कारण दुसरीकडे कुठे रंगाचा वास कोणाला चालत नव्हता. गेन्ताची आजी आंघोळीला आली की कारखाना बंद.

म्हणून ती काचपेटी हवी होती. वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष मोचिझुकीकाका म्हणाले होते, "बोनच्या सणाला पितरांसाठी नाच होतो, तोपर्यंत तुमचा पुतळा पेटीत नीट राहिला, तर पेटी आणि तिच्यामागची छोटी खोली वर्षभर मुलांची. नाही राहिला, तर दगडांची." मोचिझुकीकाकांना डोंगरासारखे दिसणारे दगड गोळा करायचा नाद होता. त्यांच्या घरात आता बसायला जागा दगडांनाच होती.

त्सुगुमीने कुरोशिओला स्वतःच्या हाताने उभा केला होता. उजवा हात समुद्राकडे उंच, पंजा उघडा. पेटीला कुलूप लागलं, आणि किल्ली सभागृहाच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली गेली. मुलांनी तिला हात लावायचा नाही, हा नियम. मोठ्या माणसांची पाळीपाळीने सफाई असायची, त्यांनी लावला तर चालेल.

आणि आज उजवा हात कपाळावर होता. ऊन लागतंय म्हणून माणूस धरतो तसा.

"त्यालाही उकडतंय," गेन्ता म्हणाला. "पटलं मला."

दोन-तीन दिवसांनी कुरोशिओने पाठ फिरवली. तोंड भिंतीकडे, हात पोटाशी.

"रुसला," गेन्ता म्हणाला.

"कोणीतरी हलवतंय त्याला," त्सुगुमी म्हणाली. तिने मोचिझुकीकाकांना जाऊन सांगितलं. मोचिझुकीकाका चष्म्याचं घर खिशात खोल सारत म्हणाले, "असं? बघू हं. उकाडा फार आहे." आमच्याकडे 'बघू हं'चा अर्थ 'बघणार नाही' असा होतो, हे लहान मुलांनाही माहीत असतं.

आणि बोनच्या नाचाच्या आदल्या दिवशी, सकाळी, कुरोशिओ गुडघ्यांवर बसला होता. कमरेतून पूर्ण वाकलेला, कपाळ जमिनीला टेकलेलं, हात छातीखाली. एवढी मोठी माफी आमच्याकडे फक्त कंपनी बुडवणारे लोक मागतात, तीही टीव्हीवर.

सगळी वस्ती पेटीभोवती जमली.

"किती नम्र आहे," एक आजी म्हणाल्या. "आमचा जावई असा वाकत नाही."

"नम्र काय, हा चावटपणा आहे," मोचिझुकीकाका म्हणाले. ते खरंच रागावलेले दिसत होते. "वस्तीची चेष्टा आहे ही. मुलांशिवाय कोणाला सुचणार हे? त्सुगुमी, किल्ली घेतलीस का?"

"नाही, काका."

"मग ते आपोआप वाकलं?"

घाम त्सुगुमीच्या हनुवटीवरून कार्डावर टपटपत होता आणि आजचा शिक्का पसरत चालला होता.

"उद्या नाच सुरू व्हायच्या आधी मंचावर येऊन दोन शब्द बोल," मोचिझुकीकाका म्हणाले. "पेटीचं मग ठरवू." दोन शब्द कुठले ते सगळ्यांना ठाऊक होतं. माफ करा.

तिघं चढावरच्या संत्र्याच्या बागेच्या कडेला जाऊन बसली. रातकिडे दिवसाही ओरडत होते. समोर फुजी डोंगर असायला हवा होता, पण उन्हाळ्यात तो धुरकट हवेत जातो आणि शाळा सुरू झाल्याशिवाय येत नाही.

"बोलून टाकते," त्सुगुमी म्हणाली.

"काय?"

"मीच हलवला म्हणून. मी दमले रे. सकाळी कवायत, दुपारी शिकवणी, संध्याकाळी नाचाचा सराव. दोन शब्द बोलले की घरी जाऊन झोपता तरी येईल."

"पण तू केलंच नाहीस ना," गेन्ता म्हणाला.

"त्याने काय फरक पडतो? माफी मागितली की सगळे म्हणतात, असू दे, असू दे. नाही मागितली तर म्हणतात, हिच्यात काहीतरी खोट आहे. पेटी तशीही जाणार. आणि मला पुन्हा असलं काही बनवायचंच नाहीये. कटर तू ठेव."

गेन्ता एकदम जागा झाला. पहिल्यांदाच, या सुट्टीत. त्सुगुमी आपला कटर कोणाला धरायलासुद्धा देत नसे. त्याने तो हातात घेतला नाही.

इओरी गवताच्या काडीने जमिनीवर काहीतरी काढत होता. कपाळावर हात धरलेला माणूस. पाठमोरा माणूस. वाकलेला माणूस.

"आपण चुकीचं बघतोय," तो म्हणाला. "तो काय करतोय ते बघतोय. काय लपवतोय ते बघायला हवं."

"म्हणजे?"

"हात कपाळावर. काय दिसत नाही?"

त्सुगुमीने डोळे मिटले. कुरोशिओचा प्रत्येक भाग तिला डोळे मिटून दिसायचा. "शिंग."

"पाठ फिरवली. काय दिसत नाही?"

"शिंग. आणि… हात पोटाशी होते. पंजे."

"आणि आता?"

"सगळंच," त्सुगुमी म्हणाली. मग हळू म्हणाली, "आणि तो उभा नाहीये. घोटा. त्याचा घोटा मोडलाय."

मग गेन्ता म्हणाला, "म्हणजे एकाने शिंग मोडलं आणि हाताने झाकलं. दुसऱ्याने पंजा मोडला आणि पाठ फिरवली. तिसऱ्याने घोटा मोडला आणि…"

"आणि झाकायला काही उरलं नाही," इओरी म्हणाला.

"आणि प्रत्येकाला वाटतंय की बाकीचं आपण मुलांनी केलं," त्सुगुमी म्हणाली. "आपण! आणि माफी मी मागणार होते." तिने गेन्तासमोर धरलेला कटर परत खिशात टाकला. "कोण आहेत ते शोधायचं."

"शोधायचं कशाला," इओरी म्हणाला, "येतील ना तेच."

त्या संध्याकाळी नाचाच्या सरावाला सगळी मोठी माणसं हजर होती. सराव थांबला, आणि सगळे वारा घेत होते, तेव्हा कधी न बोलणारा इओरी खणखणीत आवाजात म्हणाला, "उद्या संध्याकाळी कारखान्याची माणसं कुरोशिओला बघायला येणार आहेत का? हात वर केलेला, उभा?"

एका झटक्यात सगळ्यांच्या हातातले पंखे हलायचे थांबले.

"येणार आहेत?" गेन्ताने कानात विचारलं.

"तुझे बाबा कारखान्यात आहेत. येणारच आहेत ना नाचाला?"

"हो, पण ते तर…"

"मी फक्त विचारलं," इओरी म्हणाला, आणि वर्षभराचं बोलणं संपल्यासारखा गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, जेव्हा वस्तीत कुत्रंही उठत नाही, तेव्हा ही तिघं सभागृहाच्या भिंतीतल्या कपाटात शिरली. आत बसायच्या गाद्या रचलेल्या असतात. सरकतं दार बोटभर उघडं ठेवलं. आत इतकं उकडत होतं की गेन्ता म्हणाला, "मी इथेच वाफवून निघणार. आईला सांगा, सोबत मोहरीची चटणी ठेव."

"शू."

दार वाजलं. मोचिझुकीकाका आत आले. किल्लीने पेटी उघडली. खिशातून चष्म्याचं घर काढलं, त्यातून रुमाल, रुमालातून सोनेरी शिंग. मग गोंदाची नळी. पण कुरोशिओचं डोकं वर उचललं आणि ते तसेच थांबले, कारण खालून एका हाताला पंजाच नव्हता.

"अरे देवा," ते म्हणाले. "हेपण मीच?"

तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. मोचिझुकीकाकांनी डोकं परत खाली ठेवलं, पेटी लोटली, धावत येऊन कपाटाचं दार सरकवलं, आणि आत तीन मुलं बसलेली पाहिली.

इतक्या उकाड्यात ओरडायचं बळ कोणात होतं?

"जरा सरका," मोचिझुकीकाका म्हणाले, आणि आत शिरले.

बाहेर सुगियामाकाकू आल्या होत्या. आपल्या पाळीला सभागृहाची धूळ त्या पुसतात, आणि पुसताना वस्तूचा जीव जाईपर्यंत पुसतात. त्यांनी पेटीपुढे बसून चहाचा डबा उघडला. डब्यात कापसावर कुरोशिओचा पंजा होता.

"नातवासाठी फोटो काढायला गेलो आणि शिंग तुटलं," कपाटात मोचिझुकीकाका कुजबुजले. "पण पंजा मी नाही मोडला."

"हो, आता दिसतंय ते," त्सुगुमी कुजबुजली.

पुन्हा पावलं. सुगियामाकाकूंनी डबा पदराखाली लपवावा तसा एप्रनमध्ये लपवला आणि कपाटाचं दार सरकवलं.

"अग्गंबाई."

"या, काकू," गेन्ता म्हणाला. "दारामागे थोडी जागा आहे."

काकू आत आल्या. त्यांच्याकडे जवाच्या गार चहाची बाटली होती, ती त्यांनी न विचारता पुढे केली. बाटली अंधारात हातोहात फिरली. चहा पिऊन मोचिझुकीकाकांनी विचारलं, "पंजा?"

"ओल्या फडक्याने पुसत होते. तुम्ही?"

"शिंग."

"अस्सं," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, तो जन्मतःच टकला आहे."

बाहेर आता उन्नोकाका आले होते. नाचाचा मोठा ढोल तेच वाजवतात. गडी पहाडासारखा, पण आज खांदे पडलेले, आणि अर्ध्या चड्डीखाली दोन्ही गुडघे सोलून लाल झालेले. ते पेटीसमोर गुडघ्यांवर बसले, हुबेहूब कुरोशिओसारखे.

"ढोल आत आणताना पेटीला धक्का बसला," उन्नोकाका यंत्रमानवाला सांगू लागले. "शिंग गेलं, हात गेला, पाय गेला. पाय सापडला. बाकीचं रोज शोधतोय. सगळी जमीन गुडघ्यांवर शोधली. कुठे सापडत नाही. मला माफ कर बाबा. मी एवढा जड माणूस, मी बारीक गोष्टींजवळ यायलाच नको होतं."

कपाटात मोचिझुकीकाकांनी चष्म्याच्या घराकडे पाहिलं, आणि काकूंनी डब्याकडे.

उन्नोकाकांनी पिशवीतून सुताराच्या गोंदाची भली मोठी बाटली काढली. घोट्याकडे नेली. बाटलीचं तोंड सांध्यावर आलं, आणि गोंदाचा थेंब लोंबायला लागला. तो थेंब पडला असता तर कुरोशिओचा पाय त्याच जागी कायमचा धरला असता. बसलेला तो बसलेलाच राहिला असता, माफी मागत, वर्षानुवर्षं.

दार खाडकन सरकलं.

"सांध्याला नको!" त्सुगुमी ओरडली.

तिच्यामागून गेन्ता पडला, गेन्तावर गाद्या पडल्या, गाद्यांवर मंडळाचे अध्यक्ष. काकू तेवढ्या सावकाश, बाटली हातात धरून उतरल्या. उन्नोकाकांनी एकेकाकडे पाहिलं. मग मोचिझुकीकाकांनी शिंग पुढे केलं. मग काकूंनी पंजा.

उन्नोकाकांना रडू यायला लागलं. "तुमच्याकडे होतं? मी फरशीच्या फटीत सुई घालून बघत होतो."

"पहिल्या दिवशीच सांगितलं असतं तर," त्सुगुमी म्हणाली, "पाच मिनिटांचं काम होतं. खोक्यात शिंग जादाचं आलं होतं. पंजे तर पोतंभर आलेत. मोडतं ना ते, म्हणून जादा देतात."

तिघं मोठी माणसं एकमेकांकडे बघत राहिली.

"तुम्हाला त्रास नको म्हणून," मोचिझुकीकाका म्हणाले.

"आणि मी मंचावर जाऊन माफी मागणार होते, त्याचा त्रास?"

काकूंनी उगीचच पेटीची काच पुसली.

"चला," त्सुगुमी म्हणाली. दमलेल्या आवाजात, पण कटर आता हातात होता. "संध्याकाळच्या आत तो उभा राहिला पाहिजे. गेन्ता, घरून खोकं आण. इओरी, बारीक घासकागद. काकू, विजेरी धरा, आणि पुसू नका. काही झालं तरी पुसू नका."

घोट्याचं काम अवघड होतं. तो भाग जादाचा नव्हता. त्सुगुमीने हाताने फिरवायच्या बारीक गिरमिटाने तुटलेल्या दोन्ही बाजूंना भोक पाडलं आणि आत पितळेची तार बसवली. दगड बघायचं भिंग मोचिझुकीकाकांनी तिच्या डोळ्यासमोर धरलं, आणि कधी नव्हे ते गप्प बसले. शिंग बसवायचं काम तिने उन्नोकाकांना दिलं.

"मी? माझी बोटं बघ केवढी."

"चिमट्याने धरा. श्वास रोखा. शिंक आली तर आधी अंगणात जा."

उन्नोकाकांनी श्वास रोखला. बराच वेळ रोखला. टक् असा आवाज आला. शिंग बसलं होतं. ढोलाच्या आवाजाने कधी न फुललेला त्यांचा चेहरा त्या एवढ्याशा टक्‌ने फुलला.

संध्याकाळी कंदील लागले. गेन्ताचे बाबा आले, म्हणजे कारखान्याची माणसं आलीच. पेटी मंचाजवळ आणून ठेवली होती. कुरोशिओ उभा होता, हात समुद्राकडे, पंजा उघडा. घोट्यावर पितळेचा एक ठिपका दिसत होता. इओरी तो रंगवून टाकणार होता. त्सुगुमी म्हणाली, "राहू दे. मोडला होता, हे दिसू दे."

मोचिझुकीकाका ध्वनिक्षेपकासमोर आले. घसा साफ केला. "आज त्सुगुमी दोन शब्द बोलणार होती. ते शब्द आमचे आहेत असं आढळून आलं आहे."

आणि मग ते झालं, जे झालेलं नाही. तिन्ही मोठी माणसं रांगेत आली आणि वाकली. त्सुगुमीला कुठे बघावं कळेना. आमच्याकडे कोणी वाकलं की आपणही वाकायचं असतं, म्हणून ती वाकली. ती वाकली म्हणून गेन्ता आणि इओरी वाकले. समोरचे अजून वाकलेलेच, म्हणून यांनाही उठता येईना. शेवटी उन्नोकाकांनी वाकल्यावाकल्याच हात लांबवून ढोलावर थाप मारली तेव्हा कुठे सगळे सुटले.

"छान बनवलाय," मोचिझुकीकाका नंतर पेटीशी येऊन म्हणाले. "मी दगडांवर एवढं प्रेम करतो, पण एकानेही कधी हात वर केला नाही." मग त्यांनी खिशातून छोटासा डोंगर काढला आणि विचारलं, "याच्यावर उभा राहील का?"

त्सुगुमीने घोटा थोडा वाकवला. राहिला.

खोली मुलांना मिळाली. दुसऱ्या दिवशी कवायतीला सगळे म्हणाले, "काल फार उकडत होतं, नाही?" गेन्ता उभ्याउभ्या झोपला होता. आणि काचपेटीवर एक कागद चिकटवलेला होता, त्सुगुमीच्या सुवाच्य अक्षरात:

"मा. अध्यक्ष व सर्व ज्येष्ठ सभासद यांस नम्र विनंती, की यापुढे कोणाही सभासदाकडून कोणतीही वस्तू मोडल्यास त्यांनी ती त्याच क्षणी, त्याच जागी, मोडलेला तुकडा डोक्यावर उंच धरून 'मोडलं' असे मोठ्याने जाहीर करावे. तसेच सकाळची कवायत सर्व सहभागी जागे झाल्यानंतर सुरू करण्यात यावी. कळावे."